जुनी गोष्ट नव्यानं सांगायची आहे? निवडण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कहाण्या, लोककथा, दंतकथा आजच्या श्रोत्यांसाठी नव्यानं लिहू किंवा सांगू पाहणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांत शिक्षक असतात, पॉडकास्ट करणारे असतात, एकांकिका बसवणारी कॉलेजची मुलं असतात आणि नातवंडं परदेशात असलेले आजी-आजोबाही असतात. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. ज्या प्रश्नात जेवढा जीव होता, तेवढं उत्तर.

इतक्या गोष्टींतून एक निवडायची कशी?

लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आठवा आणि तुम्ही "पण मग असं का?" म्हणून कुठे थांबवलं होतं ते शोधा. मोठ्यांनी "गप ऐक" म्हणून पुढे ढकललेली जागा बहुधा तीच असते. माझी कसोटी एवढीच आहे: गोष्टीत एखादी न सुटलेली गाठ आहे का? असेल तर घ्या. सगळंच सुटलेलं असेल तर ती गोष्ट सुंदर असेल, पण ती जुन्या शब्दांतच शोभते. तिला हात लावू नये.

श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी घ्या. आटपाट नगरातली गरीब बहीण. भाऊ सहस्रभोजन घालतो आणि गावाला बोलावतो, पण हिला नाही. ती आपणहून पोरांना घेऊन पंगतीला बसते, तर भाऊ हात धरून उठवतो. ती व्रत करते, दिवस पालटतात. मग भाऊ स्वतः जेवायला बोलावतो. ती दागिने घालून येते, ते काढून पाटावर मांडते आणि लाडू सरीवर, जिलबी पेट्यावर असा एकेक घास दागिन्यांवर ठेवू लागते. भाऊ विचारतो, हे काय? ती सांगते, ज्यांना तू बोलावलंस त्यांना जेवू घालते आहे. भाऊ ओशाळतो, पाया पडतो, ती क्षमा करते.

गाठ कुठे आहे? त्या क्षमेत. घरी गेल्यावर तिला झोप लागली असेल का, हे कहाणी सांगत नाही. पैसा आल्यावर जुळलेलं नातं तिनं कोणत्या खात्यावर टाकलं, तेही सांगत नाही. आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली दिला, तरी भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी आणि शेजारी हक्कसोडपत्र हे दृश्य कुठल्याही तालुक्याच्या गावी कुणाला नवीन वाटणार नाही. सहीसाठी बोलावलेली बहीण जेवायला बसली आणि पहिला घास तिनं त्या कागदावर ठेवला, तर तुमची नवी गोष्ट सुरू झाली. जुनी कहाणी तुम्ही सांगितलीही नाही, आणि श्रोत्यातल्या प्रत्येक बाईला ती आठवली.

प्रसिद्ध गोष्ट घ्यावी की कुणाला माहीत नसलेली?

प्रसिद्ध गोष्टीत अर्धं काम श्रोता करतो. तुम्ही मधूनच सुरुवात करू शकता, एखादा प्रसंग गाळू शकता, उलटा फिरवू शकता. अनोळखी गोष्टीत आधी जग उभं करावं लागतं आणि त्यातच वेळ जातो. पहिल्यांदा करत असाल तर सगळ्यांना अर्धवट आठवणारी गोष्ट घ्या.

प्रसिद्ध गोष्टीचा धोका असा की तिचा एकच कोपरा वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो. हिरकणीचंच बघा. कोजागिरीला दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि रात्री उतरलेला कडा. ही गोष्ट "आईची माया" याच कोपऱ्यातून सांगितली जाते. नव्यानं सांगणारे फार तर तिला नोकरी करणारी आई करतात. मला त्यातला पहारेकरी खुणावतो. त्यानं नियम पाळला. दरवाजा उघडला असता तर त्याची मान गेली असती, न उघडल्यामुळे एका बाईचा जीव जाणार होता. सकाळी महाराज तिचा सत्कार करतात, कड्यावर बुरूज बांधतात. पहारेकऱ्याला बक्षीस मिळतं की शिक्षा? सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या कुठल्याही सुरक्षारक्षकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

"आधुनिक" करायचं म्हणजे काय? मोबाइल, मेट्रो घातली की झालं?

नाही. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीला कॅबमध्ये बसवलं की लोक एकदा हसतात, दुसऱ्यांदा कंटाळतात. कपडे बदलणं शेवटी करा, आणि नाही केलं तरी चालतं.

जुनी गोष्ट आजची कशी होते याचा एक खराखुरा नमुना यवतमाळ जिल्ह्यात आहे. राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. रामाशिवाय, एकट्या सीतेचं. गावात सांगतात की टाकलेली सीता इथे राहिली, लव-कुश इथेच जन्मले, आणि बाळंतपणानंतर तिनं गावात गहू मागितले तेव्हा कुणी दिले नाहीत. तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. पुढे कित्येक पिढ्या गावानं गहू लावला नाही असंही सांगतात. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला आणि टाकलेल्या, एकटीनं संसार ओढणाऱ्या बायकांशी या सीतेचं नातं जोडलं. त्याच संघटनेची लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम होती: शेतकऱ्यानं जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यावा.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. सीतेच्या नावावर दोन एकर असते तर तिला गहू मागायला दारोदार जावं लागलं असतं का? सातबाऱ्याचा उतारा हातात घेऊन ही दंतकथा सांगा. पात्रं तीच, काळ तोच, एकही मोबाइल नाही. तरी ती आजची झाली.

एकाच गोष्टीची चार-पाच रूपं सापडली. खरं कोणतं धरायचं?

सगळी. लोककथेला मूळ प्रत नसते, त्यामुळे "खरं रूप" शोधण्यात घालवलेला वेळ वाया जातो. दोन रूपं शेजारी ठेवून फरक कुठे पडतो ते पाहण्यात घालवलेला वेळ मात्र कधीच वाया जात नाही. जिथे सांगणाऱ्यानं बदल केला, तिथे त्याला काहीतरी टोचत होतं.

सीतेच्या त्यागाचंच पाहा. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीत धोबी बोलतो आणि राम सीतेला सोडतो. बायकांच्या गाण्यांमध्ये मात्र वेगळीच हकिगत येते. कैकयी सीतेला म्हणते, रावण दिसायला कसा होता ते काढून दाखव. सीता म्हणते, मी मान वर करून पाहिलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. ती अंगठा काढते, सासू त्यावर उरलेला रावण पुरा करते आणि चित्र रामाला दाखवते. इथे गावातल्या धोब्याची गरजच उरली नाही. जात्यावर बसलेल्या बाईला ठाऊक होतं की सुनेविरुद्धचा पुरावा घरातच तयार होतो.

तसंच जांभूळ आख्यान. पाच पती असूनही द्रौपदीच्या मनात कर्ण आला, हे पोथीत न सापडणारं धाडस लोकांनी गाण्यात केलं, आणि शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं. तुम्हाला द्रौपदीची "आधुनिक" गोष्ट लिहायची असेल तर आधी हे ऐका. आधुनिकपणात लोक आपल्या पुढे निघून गेलेले असतात, असा अनुभव पुष्कळदा येतो.

(जाता जाता: ज्याला आपलं रूपच अंतिम वाटतं त्यानं जुन्या काळचा कथाकार गुणाढ्य याची आख्यायिका आठवावी. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजानं त्याची बृहत्कथा नाकारली. तेव्हा तो रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. राजा पश्चात्तापानं धावत येईपर्यंत सात लाखांतले सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या सातव्या हिश्शावर अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं कथासरित्सागर रचला.)

जुन्या इंग्रजी संग्रहांतून गोष्ट उचलली तर चालेल?

चालेल, पण कुणी कुणाला सांगितली ते पाहून. 1868 साली मेरी फ्रेअर हिनं "ओल्ड डेक्कन डेज" हा संग्रह काढला. ती मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी, आणि गोष्टी सांगणारी तिची आया ॲना लिबराता डिसूझा. नोकर बाई मालकिणीला, तीही परक्या भाषेत, गोष्ट सांगते तेव्हा काय गाळलं जातं याचा विचार करा. त्या पुस्तकात ॲनानं सांगितलेली स्वतःच्या आयुष्याची हकिगतही छापली आहे. मला विचाराल तर राजा-राणीच्या गोष्टींपेक्षा ती आज सांगण्यासारखी आहे.

व्रतकथांमध्ये "देवी कोपली, वाटोळं झालं" असतं. ते आजच्या श्रोत्याला कसं सांगायचं?

धाक काढून टाकला की व्रतकथा पोकळ होते. तो ठेवायचा, आणि धाक कुणाला घातला आहे ते बघायचं. प्रसाद न घेता गेला म्हणून ज्याची नाव बुडाली, त्या व्यापाऱ्याच्या गोष्टीत मला स्वतःला फारशी गाठ दिसत नाही. तिथे हिशेब चुकता होतो आणि गोष्ट संपते.

त्याउलट सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे. फर्मान निघतं: घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक भीतीनं आणतात. वासरांना प्यायला नाही, लेकरांना नाही, आणि गाव दूध ओतूनही गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरचं काम उरकते, मुलाबाळांना पाजते, वासरांना पाजते, आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन घालते. गाभारा भरतो. राजा पहारा बसवतो, तरी कळत नाही, शेवटी स्वतः बसतो तेव्हा म्हातारी सापडते. ती त्याला सांगते, तुझ्या आज्ञेनं वासरं आणि पोरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही.

देवासमोर उभं राहून राजाला हे ऐकवणारी म्हातारी श्रावणातल्या सोमवारी घरोघरी वाचली जाते, आणि वाचून झाल्यावर लोक हात जोडून उपास सोडतात! इथे आधुनिक करायला काही शिल्लकच नाही. फक्त सांगताना घाई करू नका. गाव सक्तीनं दूध नेतं त्या भागावर थांबा, गोठ्यात जा, वासराचा आवाज ऐकवा. पटावरचे आकडे भरायचे म्हणून, लक्ष्य गाठायचं म्हणून वरून आलेले हुकूम श्रोत्याला आपोआप आठवतील. तुम्ही त्यांचं नाव घेऊ नका.

संतांच्या चमत्कारांचं काय करायचं?

चमत्काराचं स्पष्टीकरण देऊ नका. "खरं तर एका दयाळू सावकारानं पैसे भरले असतील" असं म्हटलं की भाविकही गेला आणि नास्तिकही.

दामाजीपंतांच्या कथेत मंगळवेढ्याला दुष्काळ आहे. दामाजी बेदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांना खुलं करतात. बादशहा पकडून आणायला माणसं धाडतो. इकडे विठ्ठल विठू महार होऊन दरबारात जातो, पैसे भरतो, पावती घेतो. चमत्कार आहे तसा सांगा, आणि मग गाठीकडे या. देवाला कुठलंही रूप घेता आलं असतं. राजाच्या दरबारात थैली घेऊन जायला त्यानं महाराचंच रूप का घेतलं? आणि दरबारातून परतल्यावर त्याच रूपात तो पंढरपूरच्या स्वतःच्या देवळात गेला असता, तर त्याला आत घेतलं असतं का? चोखोबांना बाहेरच राहावं लागलं होतं. ही दोन वाक्यं लागोपाठ आली की श्रोत्यांत चुळबुळ सुरू होते, ती होऊ द्या.

गोरोबांच्या पायाखाली तुडवलं गेलेलं मूल हा दुसरा अवघड प्रसंग. तो बहुतेक जण वडिलांच्या तंद्रीच्या बाजूनं सांगतात. पाणी आणायला गेलेली आई परत येते, तिथून सांगून पाहा.

शेवट बदलला तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यावरच मी सगळ्यांत जास्त भांडते. शेवट बदलण्याआधी उभं राहण्याची जागा बदलून पाहा.

तळ्याला किंवा विहिरीला पाणी लागेना म्हणून सुनेचा बळी दिला, अशा दंतकथा आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांची सख्खी बहीण म्हणावी अशी कन्नडमधली "केरेगे हार" ही कथनगीतातली गोष्ट फार थोर आहे. कल्लनकेरीचा गौडा तळं बांधतो, पाणी लागत नाही, ज्योतिषी सुनेचा बळी सांगतो. धाकटी सून भागीरथी निवडली जाते. तिला कळतं. ती माहेरी जाते. बाप विचारतो, तोंड का उतरलं? ती खोटं सांगते: आम्हाला वेगळं काढणार आहेत म्हणतात. मैत्रिणीला मात्र खरं सांगते. मैत्रीण म्हणते, द्यायचं म्हणत असतील तर देऊ देत, ठेवतील तसं राहावं. भागीरथी परत येते आणि तळ्यात पाणी चढतं. लढाईवरून आलेला नवरा तिच्यामागोमाग त्याच तळ्यात जीव देतो.

आजचा लेखक पहिल्या झटक्यात तिला पळवून लावतो. श्रोत्याला क्षणभर बरं वाटतं, आणि गोष्टीतल्या माणसांचा सगळा अपराध नाहीसा होतो, कारण ती सुटली! त्यापेक्षा ती गोष्ट त्या मैत्रिणीकडून सांगा. तिला माहीत होतं. तिनं समजूत घातली आणि परत पाठवलं. आता गाव त्या तळ्याचं पाणी पितं, आणि तीही माहेरपणाला आली की पिते. "थोडं सहन कर, होईल सगळं नीट" असं सासरहून आलेल्या मुलीला सांगितलेल्या प्रत्येकीला ही गोष्ट लागेल. शेवट मी तसाच ठेवला आहे.

लहान मुलांसाठी क्रूर भाग काढून टाकू का?

चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो, आणि चिमणी "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते" करत त्याला भिजवत ठेवते. काही घरांत पुढे कावळ्याला चटकाही बसतो. आपण ही गोष्ट घास भरवताना सांगतो आणि तिला गोड म्हणतो.

तीन-चार वर्षांच्या मुलांना "थांब" ऐकायला आवडतं, म्हणून ती टिकली. ते तसंच ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे मात्र एवढंच विचारा: चिमणीनं दार लगेच का उघडलं नाही? उत्तर तुम्ही देऊ नका. चटक्याचा भाग मी सांगत नाही, पण कावळा भिजतो तो भाग कधीच गाळत नाही. भिजलाच नाही तर गोष्ट कसली?

इतिहासातल्या व्यक्तींच्या दंतकथा घेताना काय काळजी घ्यायची?

"सांगतात" हा शब्द सोडू नका. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि ते तिथे पडले, हा इतिहास. यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढले, ही दंतकथा. दोन्ही सांगा, पण एका दमात एकाच सुरात सांगू नका. आणि घोरपडीच्या तोंडून गोष्ट सांगायची कल्पना आली असेल तर, माफ करा, ती आधीच बऱ्याच जणांना आली आहे.

आदिवासींच्या किंवा आपल्या नसलेल्या समाजाच्या गोष्टी घेता येतील का?

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्हाला जी "लोककथा" वाटते ती कुणाचा तरी धर्म असू शकते. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड या गोंडांच्या पूज्य दैवतांच्या कथा तिथे श्रद्धेनं सांगितल्या जातात. त्यांची विनोदी आवृत्ती करण्याआधी आपल्या देवघरातल्या देवाची करून पाहावी, म्हणजे अंदाज येतो.

दुसरं, अशा कथा छापताना त्यांना ओळखीच्या पुराणात बसवण्याचा मोह होतो: हा म्हणजे शंकरच, ती म्हणजे पार्वतीच. तो टाळा.

आणि सांगणाऱ्याचं नाव व मानधन. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्या यांची परंपरा सांभाळली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. अशा कलावंताकडून ऐकलेली गोष्ट "लोकपरंपरेतून" एवढंच लिहून वापरणं हा उघड अप्रामाणिकपणा आहे. वारली लग्नात गाणारी धवलेरी असो की जागरण घालणारे वाघ्या-मुरळी, त्यांचं गाणं म्हणजे त्यांचं काम असतं. मुरळीच्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेल्या मुलीच्या, बाबतीत तर आणखी जपून. देवाला मुली वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतानं 1934 सालीच कायदा केला होता. त्या आयुष्याला "रंगीत लोकसंस्कृती" म्हणून सजवणं मला पटत नाही.

भुताच्या गोष्टी चालतील?

धावतील! हडळ, मुंजा, खवीस सगळ्यांना माहीत आहेत, म्हणूनच त्यांच्यात गाठ कमी आणि दचकवणं जास्त. कोकण-गोव्यातला राखणदार घेऊन पाहा. तो सीमेची राखण करतो, वर्षाचा मान मागतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो. त्याच्या हद्दीतली जमीन विकली गेली आणि नव्या मालकाला मान द्यायचा असतो हेच ठाऊक नाही, इथून पुढे तुम्ही लिहा.

कॉपीराइटचं काय?

गोष्ट कुणाच्या मालकीची नसते, कुणीतरी लिहिलेलं तिचं रूप असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून मुक्त आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत 2002 साली गेल्या, त्यांचं नाही. त्यांच्या पुस्तकातून कथानक कळलं तर हरकत नाही, त्यांची वाक्यं, त्यांनी घातलेले प्रसंग घेऊ नका. ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याचे वेगळे हक्क असतात, तेही 50 वर्षं.

भावना दुखावल्या म्हणून कुणी तक्रार केली तर?

भारतीय न्याय संहितेचं कलम 299 हेतुपुरस्सर, दुष्ट बुद्धीनं केलेल्या धर्माच्या अपमानाबद्दल आहे. तरी तक्रारीचा त्रास निकालाच्या आधीच सुरू होतो. तुमचं रूप कुठल्या जुन्या परंपरेवर उभं आहे, कुणाकडून कधी ऐकलं, याची वही ठेवा. गंमत अशी की सगळ्यांत धाडसी भाग बहुधा जुन्यातच सापडतो.

बोलीत सांगू की प्रमाण मराठीत?

जी बोली तुम्ही भांडताना वापरता, तिच्यात. अहिराणी किंवा मालवणी येत नसताना चार शब्द पेरून रंग आणू नका, त्या भागातला माणूस दुसऱ्या वाक्याला ओळखतो.

गोष्टी गोळा कुठून करायच्या?

"आजी, एखादी लोककथा सांगा ना" म्हटलं की आजी शाळेच्या पुस्तकातली सांगतात. त्यापेक्षा प्रसंग विचारा. जात्यावर बसल्यावर काय म्हणायचात? भोंडल्याला कुठलं गाणं लांबवायचात? देवीचा गोंधळ घातला तेव्हा रात्रभर काय चाललं होतं? या ओढ्याला हे नाव कुणी दिलं? गोष्ट या उत्तरांच्या मधूनच बाहेर येते.

छापील साहित्यात सरोजिनी बाबर यांच्या काळातली राज्य लोकसाहित्य समितीची पुस्तकं मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. हेमा राईरकर आणि गाय पॉयटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ आता गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि आवाजासह ऐकता येतात. चार ओळींच्या ओवीत कधी कधी आख्खी कादंबरी दडलेली असते.

परदेशात वाढणाऱ्या मुलांना या गोष्टी कळतील का?

"चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" कळायला लाल मातीत वाढावं लागत नाही. पाच वर्षांपर्यंत पालुपद असलेल्या गोष्टी घ्या, भाषांतर करत बसू नका. मोठ्या मुलांना मात्र गोष्टीही स्थलांतर करतात हे सांगायला हरकत नाही. 1616 साली गोव्यात रायतूरला ख्रिस्ती धर्मोपदेशक फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली, आणि प्रेषित एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकून गेला अशी खूणही दाखवली. दूरच्या देशातल्या प्रेषिताला त्यांनी आपल्या गावाशेजारी उतरवून घेतलं. तुमच्या न्यू जर्सीतल्या पोरीनं म्हातारीचा भोपळा हायवेवरून नेला तर तिला अडवू नका.

रील दीड मिनिटाची असते. एवढ्यात काय सांगणार?

कहाणी मुळातच काटकसरीनं सांगितलेली असते. खुलभर दुधाची कहाणी सावकाश वाचली तरी काही मिनिटांत संपते. कापायचं असेल तर वर्णनं कापा, संवाद ठेवा. आणि पार्श्वसंगीत कमी.

बरेच दिवस लिहितोय, जमत नाही. गोष्ट सोडून द्यावी का?

एकदा कागद बाजूला ठेवून तोंडी सांगून पाहा, शक्यतो अशा माणसाला की ज्याला तुमचं कौतुक नाही. तो मध्येच "मग?" म्हणाला तर ठेवा. तुम्हाला सांगताना एखाद्या ठिकाणी समजावून द्यावं लागलं, "म्हणजे यातून मला असं म्हणायचंय की" असं तोंडून निघालं, तर ती जागा पुन्हा लिहा. सगळीच गोष्ट समजावून द्यावी लागत असेल तर सोडा. दुसरी घ्या, आपल्याकडे गोष्टींचा दुष्काळ नाही.